कुत्र्याचा चष्मा आणि रस्त्याकडेची नवलाई

१९०३ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या कच्च्या रस्त्यांवरून एक मोटार धडपडत पूर्वेकडे चालली होती. तीत दोन माणसे होती आणि एक बुलडॉग. कुत्र्याच्या डोळ्यांवर मोटारचालकांचा जाड चष्मा होता. गावोगावचे लोक कामे टाकून त्याला पाहायला येत. आज या कुत्र्याच्या निमित्ताने रस्त्यावरचा प्रवास, मुक्काम आणि तमाशा यांचा इतिहास पाहू.

मोटारीचा मालक होता होरेशिओ नेल्सन जॅक्सन, व्हर्माँट राज्यातील ३१ वर्षांचा डॉक्टर. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबात त्याने ५० डॉलरची पैज लावली की, मोटारीने ९० दिवसांच्या आत न्यूयॉर्क गाठून दाखवीन. तोवर कोणीही मोटारीने हा देश ओलांडला नव्हता. त्याने एक वापरलेली विंटन मोटार घेतली, सोबतीला क्रॉकर नावाचा तरुण मेकॅनिक घेतला आणि २३ मे रोजी तो निघाला.

सामानात अंथरूण-पांघरूण, पाण्याच्या पिशव्या, कुऱ्हाड, फावडे, बंदुका आणि चिखलातून गाडी ओढून काढण्यासाठी दोर व कप्पी होती. आज ज्याला आपण हौसेने कॅम्पिंग म्हणतो, ती त्या वेळी केवळ निरुपायाची व्यवस्था होती. गाडी मोडेल तेथे मुक्काम!

जूनमध्ये आयडाहो राज्यातील कॉल्डवेल येथे जॅक्सनने १५ डॉलरना कुत्रा विकत घेतला. त्याचे नाव बड. खारट जमिनीची धूळ डोळ्यांत जाऊन त्याचे डोळे सुजू लागले, म्हणून त्याला चष्मा चढवण्यात आला. वृत्तपत्रांनी मालकापेक्षा या कुत्र्याचीच छायाचित्रे अधिक प्रेमाने छापली असावीत, असे ती पाहताना वाटते.

मला मात्र या प्रवासातील दुसराच एक प्रसंग अधिक बोलका वाटतो. कॅलिफोर्नियात एका स्त्रीने जॅक्सनला मुद्दाम चुकीची वाट दाखवली. रस्ता संपला तेथे तिचे कुटुंबीय जमलेले होते. त्यांनी मोटार कधी पाहिली नव्हती, आणि ती त्यांच्या दारावरून जावी एवढीच तिची इच्छा! या इच्छेपायी जॅक्सनला १०८ मैलांचा फेरा पडला. १९०३ साली रस्त्यावरचा तमाशा म्हणजे खुद्द मोटारच होती. थांबून पाहणारे होते गावकरी.

२६ जुलै रोजी, ६३ दिवसांनी, तिघे न्यूयॉर्कला पोहोचले. खर्च झाला सुमारे ८००० डॉलर. पैजेचे ५० डॉलर जॅक्सनने कधी वसूल केलेच नाहीत.

पुढच्या तीस वर्षांत चित्र उलटे झाले. मोटारी स्वस्त झाल्या आणि तंबू बांधून कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडू लागली. १९१९ साली फ्लोरिडातील टॅम्पा येथे अशा प्रवाशांचा एक संघही निघाला. डबाबंद अन्नावर राहणारे म्हणून त्यांनी स्वतःला 'टिन कॅन टुरिस्ट' म्हणवून घेतले. तंबूंसाठी गावांनी आधी फुकट मैदाने दिली, मग शुल्क बसवले. नंतर खाजगी खोल्या आल्या आणि १९२५ साली कॅलिफोर्नियात 'मोटेल' हा शब्द जन्मला. १९२६ पासून महामार्गांना क्रमांक मिळाले. आता मोटारीचे नवल कोणालाच उरले नव्हते. ती धूळ उडवत गावावरून निघून जाई आणि तिला थांबवावे कसे, हा गावाच्या पोटाचा प्रश्न झाला.

साउथ डकोटातील वॉल हे असेच एक गाव, वस्ती अवघी ३२६. डिसेंबर १९३१ मध्ये, महामंदी ऐन भरात असताना, टेड व डॉरथी हुस्टेड या जोडप्याने तेथे औषधांचे दुकान विकत घेतले. पाच वर्षांत जम बसला नाही तर निघून जायचे, असा त्यांचा करार होता. १९३६ चा उन्हाळा विक्रमी उष्णतेचा. जुलैतील एका रविवारी दुपारी डॉरथी जरा आडवी झाली, पण रस्त्यावरच्या मोटारींच्या आवाजाने तिचा डोळा लागेना. मग तिला वाटले, या तापलेल्या माळावरून येणाऱ्यांना हवे असेल ते थंड पाणी! दुकानात बर्फ भरपूर होता.

त्या काळी दाढीच्या साबणाची एक कंपनी रस्त्याकडेने ओळीने पाट्या लावी. एकेका पाटीवर कवितेची एकेक ओळ. त्याच धर्तीवर टेडने पाट्या रंगवल्या: बर्फाचे पाणी फुकट, वॉलला या. पाट्या ठोकून तो परत येईतो दुकानात गिऱ्हाईक पोहोचले होते. मुदत त्याच वर्षी संपत होती, पण जोडप्याने गाव सोडले नाही.

इतरांनी इतर युक्त्या योजल्या. मिनेसोटातील बेमिजी गावाने १९३७ साली दंतकथेतील लाकूडतोड्या पॉल बनियन आणि त्याचा निळा बैल यांचे पुतळे उभारले. केंटकीत फ्रँक रेडफर्डने काँक्रीटचे शंकूच्या आकाराचे तंबू बांधून त्यांत प्रवाशांना ठेवले आणि त्याला 'विगवॅम' नाव दिले. वस्तुतः तो आकार मैदानी प्रदेशातील मूलनिवासींच्या 'टिपी'चा. विगवॅमची बांधणी वेगळी असते. ज्यांच्या भूमीवरून रस्ता गेला होता, त्यांचे घर आता सजावट झाले होते.

पण थांबण्याचा हा आनंद सर्वांसाठी नव्हता. कृष्णवर्णीय कुटुंबाने गाडी कोठे उभी करावी, हा प्रश्न कधी कधी जिवाशी येई. कित्येक गावांत सूर्यास्तानंतर त्यांनी दिसू नये असा दंडक होता. म्हणून हार्लेममधील टपालवाटप करणारे व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी १९३६ साली, म्हणजे वॉलच्या पाट्या लागल्या त्याच वर्षी, 'ग्रीन बुक' काढले. कृष्णवर्णीयांना कोठे खोली, जेवण आणि पेट्रोल मिळेल याची ती यादी होती. तंबू ठोकायलाही वेगळी जागा असे. व्हर्जिनियातील शेनन्डोआ राष्ट्रीय उद्यानात लुईस माउंटनचा तळ कृष्णवर्णीयांसाठी वेगळा राखलेला होता.

१९६० च्या सप्टेंबरात कादंबरीकार जॉन स्टाइनबेक आपला फ्रेंच पूडल चार्ली याला घेऊन निघाला. ट्रकवर खोली बसवून घेतली होती. नाव ठेवले 'रोसिनांते', डॉन किहोतेच्या घोड्याचे. १९६२ साली आलेले त्याचे 'ट्रॅव्हल्स विथ चार्ली' आजही आवडीने वाचले जाते. त्यातील सारेच शब्दशः खरे मानू नये. अनेक रात्री तो ट्रकमध्ये नव्हे, हॉटेलात झोपला होता, हे एका पत्रकाराने पुढे दाखवून दिले. यलोस्टोन उद्यानात मात्र चार्लीने अस्वले पाहून असा धिंगाणा घातला की मालकाला तेथून काढता पाय घ्यावा लागला. हा भाग खरा असावा, असे कुत्रा पाळणारा कोणीही सांगेल.

न्यू ऑर्लिन्सचा भाग हसण्यासारखा नाही. नोव्हेंबरात तेथे सहा वर्षांची रूबी ब्रिजेस ही कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्यांच्या शाळेत दाखल झाली होती आणि रोज सकाळी शाळेबाहेर जमाव तिला शिव्या देई. लोक ते पाहायला जमत. तोही रस्त्याकडेचा तमाशाच. स्टाइनबेकने तो पाहिला. दक्षिणेत त्याला एक विनोद पुनःपुन्हा ऐकावा लागला: गाडीत शेजारी बसलेला चार्ली लांबून कृष्णवर्णीय माणूस वाटला, असा. कुत्रा आहे हे दिसताच विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडे.

भेदभावाला हॉटेले आणि खानावळींत बंदी करणारा कायदा १९६४ साली झाला. १९६६-६७ ची आवृत्ती 'ग्रीन बुक'ची शेवटची ठरली.

रस्त्याकडेच्या गावांवर दुसरेच संकट येत होते. १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांना मंजुरी मिळाली होती. हे मार्ग गावांना वळसा घालून जात. ॲरिझोनातील विल्यम्स हे ६६ क्रमांकाच्या मार्गावरचे वळशातून सुटलेले अखेरचे गाव. १९८४ साली त्याच्याही बाजूने नवा रस्ता गेला. वॉल नशीबवान ठरले, कारण नवा मार्ग जवळूनच गेला, आणि आज तेथे ८० फुटी डायनोसॉर मोटारींची वाट पाहत उभा आहे. सात विगवॅम वसाहतींपैकी तीन उरल्या आहेत. होलब्रुकची १९७४ साली बंद पडली होती. १९८८ साली मालकाच्या मुलांनी ती पुन्हा उघडली.

जॅक्सनची मोटार आणि बडचा चष्मा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत.