सीमाभागातला पडद्यावरचा यंत्रमानव

बेळगाव-निपाणी पट्ट्यात विचार करणाऱ्या यंत्राचा चित्रपट गाजला तो बहुतेक वेळा हिंदीतून. मराठी की कन्नड, यावरून या पट्ट्यात मोर्चे निघाले, बंद पाळले गेले, खटले चालले. पण पडद्यावरचा यंत्रमानव सहसा या दोन्ही भाषांना बगल देऊन तिसरीतच बोलला. याची कारणे राज्यांच्या फेररचनेत, करमणूक करात, चित्रपट-वितरणाच्या जुन्या हद्दींत आणि कर्नाटकातल्या डबिंगबंदीत सापडतात.

बोलपटाच्या सुरुवातीला भाषांची अशी फारकत नव्हती. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ काढला, तो मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत. १९३४ साली आलेला पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ही कोल्हापुरातच, छत्रपती स्टुडिओत चित्रित झाला. निपाणीहून हा स्टुडिओ जेमतेम ४० किलोमीटरवर. कन्नड बोलपटाचा जन्म मराठी मुलखात झाला, ही गोष्ट पुढच्या काळात दोन्ही बाजूंना फारशी सोयीची वाटली नसावी.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. सरकारी नकाशा बदलला, चित्रपट-धंद्याचा मात्र बदलला नाही. हिंदी चित्रपटांचे हक्क टेरिटरीनुसार विकले जातात आणि या टेरिटऱ्या ब्रिटिश अमदानीतल्या प्रांतांवरून पडलेल्या आहेत. त्यामुळे बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवार हे जुन्या मुंबई इलाख्यातले जिल्हे हिंदी चित्रपटांच्या बाबतीत बॉम्बे सर्किटमध्येच राहिले. ग्लोब, चित्रा, प्रकाश, स्वरूप, नर्तकी अशा बेळगावच्या थिएटरांतून हिंदी चित्रपटाला कधी परकेपणा आला नाही, त्यामागे हा व्यापारी वारसा आहे.

मराठी चित्रपटाची गत वेगळी झाली. महाराष्ट्रात त्याला करमणूक करात सवलत मिळे. कर्नाटकात ती सवलत कन्नड आणि तुळू, कोंकणी, कोडवा यांसारख्या राज्यातल्या भाषांना होती. मराठी तिथे परभाषा ठरली. निपाणीच्या मुलांचे देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे, म्हणजे कागल तालुक्यात, महाराष्ट्राच्या हद्दीत. कॉलेजच्या बाजूला करसवलतीचा असलेला चित्रपट गावात शिरताच कराचा होई! १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर ही जुनी करपद्धत संपली.

दुसरा अडसर डबिंगबंदीचा. १९६०च्या दशकात कन्नड लेखक आणि कलावंतांनी अन्य भाषांतले चित्रपट कन्नडात डब करण्याविरुद्ध चळवळ केली. कन्नड चित्रसृष्टी तेव्हा लहान होती, स्टुडिओ थोडे होते आणि डब केलेल्या तमिळ-तेलुगू चित्रपटांपुढे स्थानिक कलावंत-तंत्रज्ञांचा रोजगार जाईल ही भीती खरी होती. कायदा कुठलाच झाला नाही, पण धंद्यातल्या संघटनांनी बंदी अर्धशतक टिकवली. प्रचंड खर्चाचे, यंत्रकरामतींचे चित्रपट डबिंगमधूनच दूर पोहोचतात. नेमकी तीच वाट बंद राहिली. डब केलेल्या ‘जुरासिक पार्क’ने १९९४ मध्ये हिंदीत मोठा धंदा केल्यावर हॉलिवूडच्या विज्ञानपटांसाठी हिंदीचे दार उघडले आणि बॉम्बे सर्किटमुळे बेळगावलाही तेच दार मिळाले.

त्या काळी चित्रपट पत्र्याच्या पेट्यांतून येई. २,००० फुटांचे एक रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या गतीने साधारण २२ मिनिटे चाले. केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारीशेजारी असत. रीळ संपत आले की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर एक ठिपका चमके. त्यावर ऑपरेटरने दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर सुरू करायची आणि पुढच्या ठिपक्याला पहिल्याचा प्रकाश तोडून दुसऱ्याचा सोडायचा. यंत्र माणसावर राज्य करू लागल्याच्या कथा अशा रीतीने माणसाच्या नजरेवर आणि हातावर विसंबून दिसत होत्या.

मराठीत विचारी यंत्र आधी छापील पानावर आले. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने मराठी विज्ञानकथेला बळ दिले. १९७४ मध्ये ‘कृष्णविवर’ या कथेला तिथे बक्षीस मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे टोपणनाव, आद्याक्षरे उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर निघतात. नारळीकरांचा जन्म १९३८ सालचा, कोल्हापूरचा.

याच नारळीकरांनी १९८०च्या दशकात ‘वामन परत न आला’ लिहिली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा थरार भारतीय भाषांत इतक्या आधी आणि इतक्या गंभीरपणे मांडणाऱ्या कादंबऱ्या कमीच. कथा घडते कर्नाटकात, बंगळुरूच्या उत्तरेला गौरीबिदनूर इथे. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे भूकंपमापन केंद्र खरोखरच आहे, रेडिओ दुर्बीणही आहे. कादंबरीत जमिनीखाली पुरलेला एक ठेवा सापडतो. एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीचे ज्ञान त्यात साठवलेले असते. त्या ज्ञानातून शास्त्रज्ञ वामन नावाचा यंत्रमानव घडवतात. तो हुशार आहे, उपयोगी आहे आणि त्याला स्वतःसारखे आणखी वामन घडवायचे आहेत. धोका इथेच आहे. बटू वामनाने तीन पावले जमीन मागितली, पुढे काय झाले ते मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. मराठी कादंबरीने कर्नाटकची माती खणून विचारी यंत्र बाहेर काढले; मराठी पडद्याला हा विषय दिसला नाही, ही चुकलेली संधीच म्हटली पाहिजे.

कन्नड पडद्याने मात्र एक धाडस केले. २००२ सालचा ‘हॉलिवूड’ उपेंद्रने लिहिला, दिग्दर्शन दिनेश बाबूंचे. उपेंद्रच्या तीन भूमिकांपैकी एक यंत्रमानवाची, यूएस ४७ या नावाची. माणसाने घडवलेले यंत्र माणसाच्याच प्रेयसीवर भाळते, हे सूत्र त्यात होते.

तेच सूत्र घेऊन १ ऑक्टोबर २०१० रोजी शंकर दिग्दर्शित ‘एंदिरन’ आला. हिंदीत त्याचे नाव साधे ‘रोबोट’. संशोधक वसीगरन आपल्याच चेहऱ्याचा यंत्रमानव, चिट्टी, बनवतो. आगीच्या प्रसंगात चिट्टी लोकांना वाचवतो, त्यात न्हाणीघरातल्या एका मुलीला तशीच उचलून जमावासमोर आणतो. लाजेने ती पळत सुटते आणि गाडीखाली सापडते. प्राण आणि अब्रू यांतला गुंता यंत्राला कळत नाही, हे या प्रसंगाइतके नेमके चित्रपटात पुन्हा कुठे येत नाही. उत्तरार्धातली चिट्टींची फौज डोळे दिपवते, विचाराच्या बाबतीत ती या एका दृश्याच्या मागेच राहते.

या तमिळ चित्रपटाची मुळे कर्नाटकात बरीच खोल आहेत. यंत्राचा चेहरा रजनीकांतचा, म्हणजे बंगळुरूच्या मराठी घरात जन्मलेल्या आणि तिथेच बस कंडक्टर म्हणून नोकरी केलेल्या शिवाजीराव गायकवाडचा. लेखनात मोठा वाटा सुजाता या टोपणनावाने लिहिणाऱ्या एस. रंगराजन यांचा, ते बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये इंजिनिअर होते आणि मतदान यंत्राच्या घडणीतही त्यांचा सहभाग होता. चित्रपट पुरा होण्याआधीच, २००८ मध्ये ते गेले. एवढे असूनही डबिंगबंदीमुळे चिट्टी कर्नाटकात कन्नड बोलला नाही. मराठीत डब करण्याचा रिवाजच नव्हता, कारण महाराष्ट्राचा प्रेक्षक हिंदीतच चित्रपट पाहतो हे धंद्याने केव्हाच गृहीत धरले होते. बेळगाव-निपाणीच्या प्रेक्षकासाठी उरली ती हिंदी. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘रा.वन’ची तर ती मूळचीच भाषा होती.

मराठीचा प्रयत्न आला २०१६ मध्ये. सुजय डहाकेच्या ‘फुंतरू’त इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आवडत्या मुलीची डिजिटल प्रतिमा तयार करतो. कल्पना ताजी होती, पण चित्रपट चमत्कृतीपेक्षा प्रेमकथेकडे अधिक झुकला.

दरम्यान डबिंगबंदी कोसळत होती. २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने कन्नड चित्रसृष्टीतल्या संघटनांना दंड ठोठावला आणि २०१७ मध्ये ‘सत्यदेव आयपीएस’ हा अभिनेता अजितच्या तमिळ चित्रपटाचा कन्नड अवतार थिएटरांत लागला. त्यानंतर मोठे दाक्षिणात्य चित्रपट कन्नडातही निघण्याचा पायंडा पडला. जून २०२४ मध्ये आलेला ‘कल्की २८९८ एडी’ तेलुगू, तमिळ, मल्याळम, कन्नड आणि हिंदी अशा पाच भाषांत प्रदर्शित झाला. नायकाशी हुज्जत घालणारी, स्वतःच्या बुद्धीने चालणारी त्यातली बुज्जी ही गाडी त्यामुळे कन्नडही बोलली. पाच भाषांच्या त्या यादीत मराठी नव्हती.