पर्वतीच्या पायथ्याचा कालवा

पुण्यात स्वारगेट किंवा हडपसर भागात एखाद्या पुलाखाली अचानक वाहते पाणी दिसते. नवखा माणूस विचारतो, "हीच का मुठा?" नाही. मुठा तिथून उत्तरेला आणि बरीच खाली आहे. हा मुठा उजवा कालवा. नकाशावर त्याची रेघ पाहा. ती कुठल्याच रस्त्याला जुमानत नाही. खडकवासल्याहून वळणे घेत ती पर्वतीच्या पायथ्याशी येते आणि पूर्वेला दौंड-इंदापूरकडे जाते. ही वळणे कशासाठी?

पाणी न उपसता, केवळ उताराने न्यायचे आहे. नदी भराभर उतरते. कालव्याला मात्र दर किलोमीटरला जेमतेम काही सेंटिमीटर उतार देतात. त्यामुळे पुढे जावे तसा कालवा नदीपेक्षा अधिकाधिक उंचावर राहतो आणि दोघांमधली सारी जमीन भिजवता येते. भूगोलाच्या पुस्तकातली समोच्चरेषा जमिनीवर खोदावी तसाच हा प्रकार. डोंगराची सोंड आली की तिला वळसा घालायचा, आडवा ओढा आला की त्याच्यावरून पाणी न्यायचे.

पेशवाईत कात्रजच्या तलावातले पाणीही उतारानेच शहरात येई, पण ते जमिनीखालच्या बांधीव नळातून, हौदांसाठी. एकोणिसाव्या शतकातली गरज मोठी होती. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वेला दौंड-इंदापूरकडे तो त्याहूनही कमी, आणि तिथे दुष्काळ नित्याचा. सह्याद्रीच्या माथ्याजवळ मात्र धो धो पाऊस. तिथले पाणी अडवून पूर्वेला न्यायचे, ही कल्पना फाईफ या लष्करी इंजिनिअरची. खडकवासल्याचे दगडी धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधले गेले. त्या जलाशयाला कित्येक वर्षे 'लेक फाईफ' म्हणत. धरणातून दोन कालवे निघाले. डाव्या कालव्याची आठवण एरंडवण्यात 'कॅनॉल रोड' या नावाने उरली आहे.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्याने खडकवासल्याचे धरणही फोडले. पूर तर आलाच, पण पुराने वेढलेल्या शहराचे नळही कोरडे पडले, कारण नळाच्या पाण्याचे मूळ तिथेच होते. पुढे खडकवासल्याची दुरुस्ती झाली, पानशेत पुन्हा बांधले, वरसगाव आणि टेमघर आले. आज या चार धरणांत मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी मावते (१ टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट). त्यात खडकवासल्याचा वाटा दोन टीएमसीच्या आसपास आहे. साठवण वरच्या धरणांत, आणि कालव्याचे तोंड इथे.

शेतांसाठी काढलेल्या या रेघेच्या दोन्ही बाजूंना शहर वाढत गेले. उताराकडची बाजू मातीच्या भरावावर उभी असते, हे घरे बांधताना कोण पाहतो! २७ सप्टेंबर २०१८ रोजी जनता वसाहतीजवळ हा भराव फुटला आणि पाणी दांडेकर पुलाच्या वस्तीत शिरले. अनेकांचे संसार वाहून गेले. उंदीर, घुशी, खेकडे यांनी भराव पोखरला, असे त्या वेळी सरकारकडून सांगण्यात आले. त्यावर थट्टाही भरपूर झाली. आमच्या मते थट्टा करण्यासारखे त्यात शास्त्राच्या दृष्टीने काही नाही. बिळातून झिरपणारे पाणी मातीचे कण सोबत नेते, बीळ रुंदावते, प्रवाह वाढतो, आणखी माती जाते. खरा प्रश्न वेगळा आहे: बीळ लहान होते तेव्हा भरावावर कोणी फिरकत होते का?

विद्यार्थ्यांना कालवा दाखवायचा तर पुलावरूनच दाखवावा. काठ निसरडे असतात. कालव्याच्या कोणत्या बाजूची घरे पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहेत, ते त्यांना शोधू द्यावे. पाणी पूर्वेला वाहते, म्हणजे नदी डाव्या हाताला. मग कालव्यात पाणी कोणत्या दिवसांत असते आणि कोणत्या दिवसांत नसते, याची महिनाभर नोंद ठेवावी. पाणी सुटले की 'आवर्तन' सुरू झाले असे म्हणतात. ते कधी सोडायचे आणि किती, यावर कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहर आणि दौंड-इंदापूरचे शेतकरी यांची ओढाताण होते. उन्हाळ्यात त्या बैठकीच्या बातम्या वर्गात वाचाव्यात.