तबकडींत न मावलेलें गाणें

१९६६ सालीं लंडनमध्यें ‘क्रीम’ नांवाचें तिघां कलावंतांचें एक वादकमंडळ निघालें. छोटेंसें गीत घ्यावें आणि एकमेकांचें वादन ऐकत तें आयत्या वेळीं सुचेल तसें वाढवीत न्यावें, हा त्यांच्या जलशांचा विशेष होता. त्यांचे सूर कित्येक पुणेकरांस परके वाटतील. रीत मात्र परकी वाटूं नये. तशीच एक त्रयी आपल्या वाडवडिलांनीं नाटकगृहांत रात्र रात्र जागून ऐकली होती.

१९१३ सालीं स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळींत बालगंधर्व गात, तेव्हां त्यांच्या साथीस कांहीं काळ तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असत. ऑर्गनहि असे; परंतु आज मला बोलावयाचें आहे तें या तिघांविषयीं.

१९१६ सालच्या खाडिलकरांच्या ‘स्वयंवर’ नाटकाचें उदाहरण घ्या. त्यांतील पदांना चाली दिल्या भास्करबुवा बखले यांनीं. शब्द, राग आणि ताल ठरलेले. पण प्रेक्षकांतून ‘वन्समोअर’ची आरोळी उठली कीं तेंच पद नव्या वाटेनें निघे. बालगंधर्व एखादी ओळ वेगळ्या वळणानें घेत. ते श्वास घेत तेवढ्या अवकाशांत सारंगी तिचा धागा पुढें नेई. आणि तबला दोघांना मोकळें सोडूनहि नेमका समेवर आणून पोंचवी. याची तालीम आधीं कशी घेणार? पुढची जागा गाणारासहि ठाऊक नसे. ठाऊक असे ती परतावयाची जागा. रागाची मर्यादा आणि समेचा भरंवसा तिघांना सारखाच होता, म्हणूनच हें स्वातंत्र्य त्यांना पेललें.

यांतलें आपल्या हातीं काय उरलें? त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटें मावत. पद उरलें, त्याचा रात्रीचा विस्तार हवेंत विरला. बालगंधर्व १९६७ सालीं पुण्यांत निवर्तले आणि पुढच्याच वर्षीं त्यांच्या नांवाचें रंगमंदिर येथें खुलें झालें. वास्तूनें त्यांचें नांव राखलें. त्यांची उपज राखणें हें काम विद्येचें आहे. भास्करबुवांनीं १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाज स्थापिला, तो अशाच विद्यादानासाठीं. गुरूपुढें बसून मर्यादा शिकलेला एखादा विद्यार्थी जेव्हां न शिकविलेली जागा घेतो, तेव्हां तबकडींत न मावलेलें तें गाणें पुन्हां ऐकूं येतें.