किल्ला, किनारा आणि गोधडी

आपले मंडळ दरवर्षी दोन कामे नेमाने करते. माघात एक सहल काढते आणि चैत्र-वैशाखात जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. वरवर पाहता या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध दिसत नाही. परंतु यंदाची अलिबागची सहल झाल्यापासून माझ्या मनात त्या दोन्ही गोष्टी एकत्र येऊन बसल्या आहेत. तो विचार भगिनींपुढे मांडावा म्हणून हे चार शब्द.

अलिबागच्या पुळणीवर उभे राहिले की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटी असली तर पायी जाता येते, भरतीला होडी लागते. म्हणून निघण्यापूर्वी पाण्याची वेळ विचारून घेणे बरे. १६८० च्या सुमारास शिवाजी महाराजांनी याच्या बांधकामास हात घातला आणि संभाजीराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एक होऊन इथे स्वारी केली, पण ती फसली. आत गोड्या पाण्याचा तलाव आहे आणि राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेले गणपतीचे देऊळ आहे.

मला सर्वांत नवल वाटले ते तटाचे. मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आपटली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर मोडतो. म्हणून तीनशेहून अधिक वर्षे तो तट उभा आहे. आपल्या गोधडीचेही असेच नाही का? एकही कापड धडके नसते, परंतु थरावर थर घालून बारीक धावदोरा घातला की जीर्ण लुगडीही पुढे कित्येक पावसाळे ऊब देतात.

किल्ल्यावर गाड्यावर बसविलेल्या दोन तोफा आहेत. त्या इंग्लंडात यॉर्कशायर येथे ओतल्या गेल्या, आणि ओतणाऱ्या कारखान्याचे नाव त्यांवर आहे. तिथून जवळच आक्षी गावी एक शिलालेख आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांच्या वाचनाप्रमाणे तो शके ९३४ चा, म्हणजे इ. स. १०१२ चा. मराठीतील अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यात राजा केसिदेवराय आणि त्याचा प्रधान यांची नावे आहेत आणि महालक्ष्मीसाठी धान्य दिल्याची नोंद आहे. देवीला घातलेले धान्यसुद्धा दगडावर राहिले!

पुढे रेवदंडा. १५२१ मध्ये पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळाली, आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. शेजारचे चौल हे फार पुरातन बंदर, तिथले रेशमी कापड दूरवर जाई. या पोर्तुगीजांना आपल्याकडच्या पांघरुणांचेही भारी वेड होते. बंगालमधील सातगाव भागात पिवळसर टसर रेशमाने भरलेल्या सुंदर रजया होत. त्यांना ते ‘कोल्शा’ म्हणत आणि जहाजांतून लिस्बनला नेत. त्यांतल्या काही आज परदेशांतील संग्रहालयांत, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातही, जपून ठेवल्या आहेत. कोणत्या शतकातल्या, कोणत्या कापडावरच्या, हे जाणकार सांगतात. पण त्यांवर टाके घालणाऱ्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

तोफेला नाव आहे, देवळाला नाव आहे. तटाचे चिरे बसविणाऱ्या पाथरवटांना नाही आणि गोधडी शिवणाऱ्या बाईलाही नाही. करविणाऱ्याचे नाव राहते, करणाऱ्याचे जाते. आमच्या घरी एक वाकळ आहे. तिच्यात एक अंजिरी खणाचे ठिगळ आहे. ते सासूबाईंच्या आईच्या चोळीचे, एवढे मला सासूबाईंनी सांगितले म्हणून ठाऊक. माझ्या सुनेला ते मी सांगितले नाही, तर उद्या ते नुसते ठिगळ होईल. कापड टिकते, पण ते कोणाचे होते हे सांगणारे माणूस टिकत नाही.

आपण गोधड्या शिवतो त्या ऋतू पाहून. चैत्रात लुगडी धुऊन कडक उन्हात वाळवायची, वैशाखात शिवायची, पावसाळ्यापूर्वी घड्या घालून ठेवायच्या. बाळंतिणीच्या घरी दुपटे आणि कुंची मऊसूत लुगड्याचीच जाते. या सगळ्यात आणखी एका टाक्याची भर घालावी, अशी माझी सूचना आहे. मंडळात शिवलेल्या प्रत्येक गोधडीच्या एका कोपऱ्यात, उलट्या बाजूने, शिवणारीचे नाव आणि साल दोऱ्याने घालावे. आणि मंडळाच्या कपाटात एक वही ठेवून तीत लिहावे: गोधडी कोणाची, लुगडी कोणाकोणाची, कोणाच्या घरी गेली.

याला खर्च नाही. दोरा आपलाच, आणि वेळ म्हणाल तर अर्धी घटकाही पुरे. आक्षीच्या दगडावर धान्याचा हिशेब एवढी शतके राहिला, तर आपल्या कष्टांचा हिशेब निदान नातवंडांपर्यंत तरी पोचावा. येत्या चैत्रात पहिल्या गोधडीपासूनच ही रीत सुरू करू या.