वतन, मुंतखब, ट्रस्ट, हक्कसोड : मराठवाड्यातल्या वारशाचा धागा

हिंगोलीहून नांदेडकडे निघाले की कळमनुरीनंतर आखाडा बाळापूर लागते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हे गाव निजामाच्या राज्यात होते. मग हैदराबाद राज्य, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र. १९९९ पर्यंत जिल्हा परभणी, त्यानंतर हिंगोली. बांध न ओलांडता इथल्या शेतकऱ्याने एका आयुष्यात तीन-चार राज्ये पाहिली. प्रत्येक राज्याबरोबर, बापाची जमीन मुलाकडे (आणि मुलीकडे) कशी जायची, याचे नियमही बदलले.

'इस्टेट प्लॅनिंग' हा शब्द आज महानगरातल्या वकिलांच्या तोंडी असतो. घराण्याची संपत्ती पुढच्या पिढ्यांत टिकवण्याची खटपट मात्र या प्रदेशात नऊशे वर्षे तरी जुनी आहे.

सुरुवात कल्याणीपासून करावी लागते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, नांदेड-लातूरच्या दक्षिणेला. तिथल्या चालुक्य राजा सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयाने, बाराव्या शतकाच्या सुमारास, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्य स्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. बंगाल वगळता बहुतेक हिंदुस्थानात हिंदू वारशाचा कायदा पुढे तिच्यावर चालला. तिचा गाभा असा की वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच निर्माण होतो, त्यासाठी बाप मरण्याची वाट पाहावी लागत नाही. बंगालातल्या जीमूतवाहनाच्या 'दायभागा'त तो बापाच्या मृत्यूनंतर येतो.

हा भेद पुस्तकी वाटतो, पण त्याचे परिणाम खोल होते. मिताक्षरेच्या घरात बाप वडिलोपार्जित जमिनीचा धनी नव्हता, भागीदार होता. एकत्र कुटुंबातला आपला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने कुणाला देणेही त्याला शक्य नव्हते. तो अधिकार १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० ने दिला. म्हणजे नऊशे वर्षांतली साडेआठशे वर्षे मृत्युपत्राविना गेली.

मग संपत्ती टिकली कशी? एक उत्तर म्हणजे वतन.

परगण्याचे देशमुख-देशपांडे आणि गावचे पाटील-कुलकर्णी ही पदे वंशपरंपरागत होती. पदाबरोबर इनाम जमीन, वसुलातला हक्क आणि मानपान येई. मुलगे वाढले की उत्पन्नाच्या 'तक्षिमा' पडत, कधी कामाची पाळी लावली जाई. मानाचे मात्र तुकडे सहसा होत नसत. वडीलपण थोरल्या शाखेकडे राही : पोळ्याला आधी कुणाचा बैल, होळीला आधी कुणाची पोळी, विडा आधी कुणाला. उत्पन्न वाटायचे आणि अग्रमान शाबूत ठेवायचा, ही तडजोड मोठी चतुर होती. घराणे फुटले तरी त्याचे नाव फुटत नसे.

वाद झाला तर गोतसभा बसे आणि निर्णयाचा 'महजर' लिहिला जाई. त्यावर साक्षी म्हणून गावातले लोक आपापली निशाणी काढत, कुणब्याचा नांगर, न्हाव्याचा आरसा. सही न येणाऱ्या माणसाचीही साक्ष त्या कागदावर उभी राही, ही बाब आपल्या इतिहासात जितकी सांगितली जायला हवी तितकी सांगितली जात नाही. वतन हे नुसते कागदाने टिकत नव्हते; गावाच्या स्मरणाने टिकत होते. निकाल लागलाच नाही तर दिव्याची वेळ येई. पिढ्यान्पिढ्या चाललेले पाटीलकीचे तंटे मराठी दफ्तरांत विपुल आहेत.

या व्यवस्थेला निजामाच्या राज्यात पहिला मोठा धक्का पहिल्या सालारजंगाने दिला. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या या प्रशासकाने १८६५ पासून जिलाबंदी लागू केली. वसूल पगारी अधिकाऱ्यांकडे गेला आणि देशमुख-देशपांड्यांना त्याबदली 'रुसूम' मिळू लागला. सत्ता गेली, पैसा उरला. घराण्यांनी तोही वारशात वाटला.

इनामे आणि जहागिरी यांची तऱ्हा आणखी निराळी. ती राज्याची देणगी मानली जात असल्याने धारक वारला की वारस आपोआप मालक होत नसे. 'विरासत' मंजूर करून घ्यावी लागे. चौकशी अतियात खात्याकडे चाले आणि शेवटी 'मुंतखब' मिळे. या दस्तात मुख्य धारक कोण, हिस्सेदार कोण, हे नमूद असे. कुटुंबाची वंशावळ आता गावाच्या स्मरणातून सरकारी फायलीत उतरली. मराठवाड्यातल्या इनाम जमिनींच्या दाव्यांत आजही वकील मुंतखबच शोधतात, तो उगाच नव्हे.

आता त्या राज्याच्या सर्वांत मोठ्या वारशाकडे. सातवा निजाम मीर उस्मान अली खान हा आपल्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत गणला जाई. १९४८ नंतर राज्य गेले. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या, त्याच वर्षी त्याची खासगी मालमत्ता असलेला 'सर्फ-ए-खास' मुलुखही सरकारजमा झाला. त्याला वार्षिक ५० लाख रुपयांचा तनखा मिळाला. पण हा तनखा राजकारणाच्या मर्जीवरचा आहे, हे त्याने ओळखले असावे. १९५० मध्ये त्याने कुटुंबासाठी ट्रस्ट केला, १९५१ मध्ये जवाहिरांसाठी वेगळा, आणि मग नातलगांसाठी, सेवकांसाठी, धर्मादायासाठी असे अनेक. जवाहिरे तो स्वतः आणि थोरला मुलगा आझम जाह हयात असेतोवर विकता येणार नाहीत, अशी अट होती. गादीचा वारस म्हणूनही त्याने मुलाला वगळून नातू मुकर्रम जाह याला पुढे केले.

१९६७ मध्ये निजाम वारला. १९७१ मध्ये २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे बंद झाले. अंदाज खरा ठरला. घराणे मात्र त्यामुळे सावरले असे म्हणता येत नाही. जवाहिरे दीर्घ वादानंतर १९९५ मध्ये केंद्र सरकारने विकत घेतली, १७३ नग, सुमारे २१८ कोटी रुपयांना. त्यातच सुमारे १८५ कॅरटचा जेकब हिरा, जो निजाम कागद दाबायला वापरत असे. लंडनची गोष्ट त्याहून विलक्षण. सप्टेंबर १९४८ मध्ये, हैदराबाद पडल्यानंतर काही दिवसांतच, निजामाच्या खात्यातले १० लाख ७ हजार ९४० पौंड ९ शिलिंग पाकिस्तानच्या उच्चायुक्ताच्या नावे वळते झाले. निजामाने ते परत मागितले, बँकेने रक्कम गोठवली, आणि २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयाने भारत व निजामाचे नातू यांच्या बाजूने निकाल दिला. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती. ७१ वर्षे ज्या पैशाला कुणी हात लावू शकला नाही, तोच सर्वांत चांगला वाढला!

बाळापूरच्या शेतकऱ्याकडे ट्रस्ट नव्हता. त्याच्यासमोर १९५० चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आला, ज्याने संरक्षित कुळाला हक्क दिले. आणि मोठ्या जमीनदाराच्या घरी खरी धावपळ उडवली ती १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने. १९७५ च्या दुरुस्तीने मर्यादा आणखी खाली आली : कोरडवाहू असेल तर ५४ एकर, बारमाही पाण्याची असेल तर १८. मोजायचे एकक ठरले नवरा, बायको, अज्ञान मुलगे आणि अज्ञान अविवाहित मुली. मुलाचे वय ही महसुली बाब बनली.

शासनालाही घराण्यांच्या युक्त्या ठाऊक होत्या. म्हणून २६ सप्टेंबर १९७० नंतर झालेली हस्तांतरे आणि वाटण्या कायदा चुकवण्यासाठी केल्या असे गृहीत धरले गेले. तसे नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी कुटुंबावर. वाटणी, जी मिताक्षरेत हक्क होती, ती इथे संशयास्पद कृत्य ठरली.

या सगळ्या डावपेचांत एक गोष्ट वतनदार, इनामदार आणि साधा शेतकरी यांच्यात समान होती : मुलगी मोजली जात नव्हती. जमीन टिकली असे आपण म्हणतो तेव्हा ती बहुतेकदा बहिणीच्या वाट्यातून टिकलेली असते. १९५६ च्या कायद्याने मुलीला बापाच्या हिश्श्यातला वाटा दिला, पण सहदायक केले नाही. महाराष्ट्राने ते २२ जून १९९४ पासून केले, मात्र तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ही लग्नाची अटही गेली.

त्यानंतर गावोगावी 'हक्कसोडपत्र' रूढ झाले. भाऊ बहिणीला दुय्यम निबंधक कार्यालयात घेऊन जातो, नाममात्र मुद्रांकावर ती वडिलोपार्जित हक्क सोडते, सातबाऱ्यावरून तिचे नाव उतरते. बदल्यात माहेरचा दरवाजा उघडा राहतो, असे मानले जाते. कायदा याला स्वेच्छा म्हणतो. वतनाच्या काळात तिला नकार तरी द्यावा लागत नव्हता. आता तिच्याच सहीने तो घेतला जातो.

११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की मुलीचा हा हक्क जन्मतःचा आहे. त्यासाठी २००५ मध्ये वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वीची नोंदणीकृत किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली वाटणी तेवढी अबाधित. 'आमची वाटणी तोंडीच झाली होती' हा बचाव सहसा मानला जाणार नाही. त्याला सार्वजनिक दस्ताचा आधार हवा. नांगर आणि आरसा काढून साक्ष देणारी माणसे आता नाहीत, आणि अनेक घरांत तोंडी वाटणीचा दुसरा कागदही नाही. बहिणीने दावा लावला की तलाठ्याच्या जुन्या फेरफार नोंदी काढायला धावपळ सुरू होते.