वाड्यातलं कोकरू

माण, खटाव, आटपाडी, जत हा पर्जन्यछायेतला पट्टा. इथला मेंढपाळ धनगर दिवाळीच्या सुमारास घाटाखाली कोकणात उतरतो आणि पावसाळ्यापूर्वी माणदेशी परततो. ही भटकंती केवळ चाऱ्यासाठी नाही. पिढ्यान्‌पिढ्या कोकरं जगवण्याची पद्धत तिच्याभोवतीच घडली. चालू न शकणारी कोकरं घोड्याच्या पाठीवर, मेंढ्या चरायला गेल्यावर ती वाघुरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत राखलेली, वळीव कोसळला की घोंगडीखाली. ज्या मेंढीची लोकर, तिच्याच पिल्लाला तिची ऊब.

यावर आक्षेप येतो की उघड्यावरचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळच, मरणाचं कारण आहे. पक्का गोठा बांधून एका जागी राहावं. आक्षेप पोकळ नाही. डिसेंबर 2021 च्या आरंभी अवकाळी पावसाने आणि गारठ्याने पुणे-नगर भागात शेकडो मेंढ्या दगावल्या, तेव्हा घोंगडी अपुरी पडली. पण माणदेशात बारमाही चारा नसताना गोठा कोकराला पावसापासून वाचवेल आणि त्याच्या आईला उपाशी ठेवेल. मेरिनोसारख्या परदेशी रक्ताचा संकरही वाड्यांत फारसा रुजला नाही. लांब चाल आणि कोरडा उन्हाळा दख्खनी मेंढीच सोसते. म्हणून भटकंती मोडण्याऐवजी तिच्या वाटांवर निवारा, लसीकरण आणि पावसाची वेळेवर सूचना पोहोचवणं, हेच सरकारचं खरं काम आहे.