चार्ली घरी कसा आला

हुबळीच्या दुर्गदबैलात किंवा धारवाडच्या सुभाष रोडवर पंचवीसेक वर्षांपूर्वी चार्ली चॅप्लिनची व्हीसीडी सहज आणि स्वस्तात मिळायची. वेष्टणावर टोपी-काठीवाला चार्ली, आत तीन-चार छोटे विनोदपट. लावली की चेहरे पांढरेफटक, डाव्या कडेचा माणूस अर्धा कापलेला, आणि सगळे असे पळताहेत की मागे कुत्रं लागलंय. वर कुठल्यातरी पियानोची अखंड टुणटुण. जुने सिनेमे असेच असणार, असं धरून आपण हसलो. प्रत्यक्षात ते तसे नव्हते.

मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत. सेकंदाला सोळा, अठरा, वीस चौकटी, जसा हात आणि जसा प्रसंग. बोलपट आला तसा वेग चोवीसवर पक्का झाला आणि आपल्या दूरदर्शनच्या पद्धतीत तो पंचवीस झाला. अठराने टिपलेली वीस मिनिटांची गंमत पंचवीसने सोडली की साडेचौदा मिनिटांत उरकते. डावी कड कापली गेली ती ध्वनिपट्टीमुळे. मूकपटाची चौकट दोन्ही कडांच्या भोकांमधली पूर्ण रुंदी वापरायची. पुढे त्याच पटांना संगीत आणि धपाधप आवाज जोडून ते पुन्हा बाजारात आणले, तेव्हा पट्टीला जागा हवी म्हणून चित्राची कड छाटली. चॅप्लिनने १९१६-१७ मध्ये म्युच्युअल कंपनीसाठी केलेले बारा पट १९३० च्या दशकात असेच आवाज चढवून आणले गेले आणि जगभर त्यांच्याच नकला फिरल्या. चेहरे पांढरे पडले ते नकलेची नक्कल काढून. प्रत्येक पिढीत मधल्या करड्या छटा उडतात आणि शेवटी काळं नि पांढरं एवढंच उरतं.

मग ही तबकडी इतकी स्वस्त का? आपल्याकडे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर साठ वर्षं टिकतो. १९१७ चा पट केव्हाच मोकळा झालेला. कुणीही उचलावा, कुणीही छापावा. चांगली प्रत शोधायला पैसे पडतात, वाईट प्रत फुकट मिळते.

पण या तबकडीचं कूळ मागे नेत गेलं की गोष्ट उलटी होते. घरी बघायची प्रत म्हणजे थिएटरच्या सिनेमाचं उष्टं, असा आपला समज. मूक विनोदपटांच्या बाबतीत घरची प्रत राहिली आणि थिएटरची गेली. आज जे झळझळीत चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डी दिसतात, त्यांतले कितीतरी तुकडे कुणाच्या तरी दिवाणखान्यातून परत आले आहेत.

मूळ पुरुष म्हणायचा तर फ्रान्सच्या पाथे कंपनीचा ‘पाथे बेबी’ प्रोजेक्टर. १९२२ च्या नाताळात तो विक्रीला आला. फिल्म फक्त साडेनऊ मिलीमीटर रुंद, आणि भोकं कडेला न ठेवता दोन चौकटींच्या मधोमध, म्हणजे जवळजवळ सगळी रुंदी चित्राला. त्यातली एक युक्ती तर बघत राहावी अशी आहे. मूकपटात मधूनमधून मजकुराच्या पाट्या येतात. ती पाटी वाचायला पाच-सहा सेकंद लागतात, म्हणजे शंभरभर चौकटी नुसत्या अक्षरांवर खर्च. पाथेने पाटी एक-दोन चौकटींतच छापली आणि फिल्मच्या कडेला छोटी खाच पाडली. खाच आली की यंत्र चित्र धरून ठेवी, हँडल फिरत राही, वाचून होई आणि फिल्म पुढे सरके. इवलंसं रीळ, पण त्यात बरीच गोष्ट मावे. पुढे कुणी ती फिल्म साध्या यंत्रावर चढवली की पाट्या डोळ्यांसमोरून वीज चमकल्यासारख्या जात आणि बघणारा चक्रावून जाई.

१९२३ मध्ये कोडॅकची सोळा मिलीमीटर आली, १९३२ मध्ये आठ, १९६५ मध्ये सुपर एट. कोडॅकने भाड्याने रिळं देणारी ‘कोडास्कोप’ ग्रंथालयं काढली. पट बरेचदा छाटलेले असत, पण छापलेले मात्र काळजीने, आणि महत्त्वाचं म्हणजे न पेटणाऱ्या फिल्मवर. थिएटरची फिल्म नायट्रेटची असे. ती भडका घेते, आणि नाही घेतला तरी डबीतल्या डबीत चिकट होत तिची भुकटी होते. १९४३ मध्ये विनोदी नट हॅरॉल्ड लॉइडच्या स्वतःच्या बंगल्यातल्या फिल्मघराने पेट घेतला आणि त्याचे सुरुवातीचे अनेक पट त्यात गेले. कोडॅकने घरासाठी सुरक्षित फिल्म वापरली ती इतिहास राखायला नव्हे, तर गिऱ्हाइकाचं घर जळू नये म्हणून. त्या सावधगिरीचा फायदा शंभर वर्षांनी आपल्याला होतो आहे.

कीटनचं तर आणखी नवल. त्याचा हॉलिवूडचा बंगला पुढे जेम्स मेसन या नटाने घेतला, आणि १९५० च्या दशकात तिथे कीटनच्या पटांच्या प्रती सापडल्या. लॉरेल-हार्डीचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ हा १९२७ चा पट त्यातल्या केकफेकीसाठी गाजलेला. त्याचं दुसरं रीळ पूर्ण स्वरूपात हरवलंच असं धरलं होतं. १९५७ मध्ये रॉबर्ट यंगसनने आपल्या संकलनात त्यातला तुकडा दाखवला, तेवढाच लोकांनी पाहिला. २०१५ मध्ये जॉन मिर्सालिस या संग्राहकाला विकत घेतलेल्या सोळा मिलीमीटरच्या डब्यांत ते रीळ मिळालं. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्टमधून ‘ब्लॅकहॉक फिल्म्स’ने असे पट टपालाने घरोघर विकले. चांगल्या निगेटिव्हवरून छापायचं, हा त्यांचा हट्ट. त्या कंपनीत काम केलेला डेव्हिड शेपर्ड पुढे मूकपट दुरुस्तीतलं मोठं नाव झाला.

दुरुस्ती म्हणजे संगणकावर धूळ पुसणं, असं वाटतं. खरं काम आधीचं असतं. चॅप्लिनने १९१४ मध्ये कीस्टोन कंपनीत वर्षभरात छत्तीसेक पट केले. ते इतके विकले गेले की निगेटिव्ह झिजून गेल्या, वितरकांनी नावं बदलली, पाट्या बदलल्या, प्रसंग गाळले. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, इटलीतल्या बोलोन्याची चिनेतेका (फिल्म-संग्रहालय) आणि पॅरिसची लॉबस्टर फिल्म्स यांनी देशोदेशीच्या प्रती गोळा करून अनेक वर्षं त्या शेजारीशेजारी लावल्या. एकीत सुरुवात बरी, दुसरीत पाठलाग शाबूत, तिसरीत फक्त एक पाटी खरी. त्यांतून चौतीस पटांचा डीव्हीडी संच २०१० मध्ये निघाला. मूकपटांच्या दुरुस्तीत आणखी एक पेच असा की पुष्कळदा शेजारीशेजारी दोन कॅमेरे ठेवून दोन निगेटिव्ह करत, एक देशासाठी आणि एक परदेशासाठी. दोन्हींतले कोन किंचित वेगळे. एकीतला तुकडा दुसरीत घातला की चार्ली जागच्या जागी वीतभर सरकतो.

विनोदपटात सफाईची आणखी एक गोची आहे. धूळ काढणारी संगणकप्रणाली एकाच चौकटीत दिसणारा ठिपका शोधते आणि पुसते. केकचा शिंतोडा, उधळलेलं पीठ, फुटलेल्या बशीची कपची, ही सगळी तिच्या लेखी धूळच. माणूस शेजारी बसवला नाही तर यंत्र विनोदच पुसून टाकतं. वेगाचंही तेच. या मंडळींनी कित्येक प्रसंग मुद्दाम कमी वेगाने टिपले, पडद्यावर ते भरधाव दिसावेत म्हणून. सगळं ‘नैसर्गिक’ चालीवर आणणारा दुरुस्तीवाला तांत्रिकदृष्ट्या बरोबर असेल, पण लाथ बसायची ती रेंगाळत बसते. मला विचाराल तर थोडं जास्त वेगवान परवडलं.

आता आपल्याकडे येऊ. १९५६ पर्यंत धारवाड जिल्हा आधी मुंबई प्रांतात आणि मग मुंबई राज्यात होता. राज्य बदललं तरी सिनेमाच्या धंद्यात हा भाग पुढेही मुंबई सर्किटातच मोजला गेला. हुबळी रेल्वेचं मोठं जंक्शन, रिळांच्या पेट्या गाडीने येणार आणि गाडीने जाणार. खेळ संपला की पेटी परत, पुढच्या गावाला. सिनेमाची पाहणी करणाऱ्या १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीने डग्लस फेअरबँक्सबरोबर लॉइड आणि चॅप्लिन यांचीही लोकप्रियता नोंदवली आहे. मूकपट कानडी, मराठी, उर्दू बोलणाऱ्या गावाला सोयीचाच. पाट्या मोठ्याने वाचून दाखवायला एक माणूस असला की झालं. १९८७ मध्ये सिंगीतम श्रीनिवास राव यांनी बंगळुरात संवाद नसलेला ‘पुष्पक’ केला, तेव्हाही तो डब करावा लागला नाही.

मात्र पेटी परत जायची, घरी काही राहायचं नाही. घरचा प्रोजेक्टर हा संस्थानिकांचा आणि बड्यांचा षोक. बाकीच्यांकडे जत्रेतली पत्र्याची सिनेमा-डबी आणि तिच्यात सरकवायला कापलेल्या फिल्मचे चार तुकडे. म्हणून आपल्या मूकपटांना घराने वाचवलं नाही. हजाराहून अधिक पट निघाले, पूर्ण राहिलेले मोजके. दादासाहेब फाळक्यांनी ‘मोहिनी भस्मासुर’ला जोडून ‘पिठाचे पंजे’ हा छोटा विनोदपट केला. तो आज नाही. जुन्या फिल्ममधली चांदी काढून घेणारे होते, पट्ट्या धुऊन बांगड्यांना वापरणारेही होते. फाळक्यांच्या ‘कालिया मर्दन’ची (१९१९) रिळं मात्र पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने वाचवली. १९६४ साली स्थापन झालेल्या त्या संग्रहालयाच्या पी. के. नायरांनी फाळके कुटुंबीयांपर्यंत जाऊन हे काम केलं. या पटात फाळक्यांची लेक मंदाकिनी बाळकृष्ण आहे. सुरुवातीला ती कॅमेऱ्यासमोर नुसते हावभाव करून दाखवते, मग कृष्ण होते आणि खोड्या सुरू करते. मराठी माणसाने केलेला मूक विनोद बघायचा तर ही एक हक्काची जागा.

वाचवण्याचा हा धागा कानडी सिनेमापर्यंतही पोचला आहे. कीस्टोनचे पट जिथे दुरुस्त झाले त्यांतल्या एका, बोलोन्यातल्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत अलीकडे गिरीश कासरवळ्ळींचा ‘घटश्राद्ध’ही दुरुस्त झाला, आणि २०२४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला.

धारवाडच्या मालमड्डीतल्या एखाद्या वाड्याच्या माळ्यावर पत्र्याची चपटी डबी निघालीच, तर ती प्रोजेक्टरवर चढवू नये. आकसलेली फिल्म दातऱ्यांवर फाटते. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती ॲसिटेटची आहे आणि कुजायला लागली आहे. तिला इतर रिळांपासून दूर, गार कोरड्या जागी ठेवावं. कडेला ‘सेफ्टी’ छापलंय का बघावं. त्याच कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतील, तर त्यांवरून कोडॅकने फिल्म कोणत्या साली तयार केली ते काढता येतं, फक्त त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात.